मोटर जळायच्या आधी : गावाचा २०७० पर्यंतचा उत्सर्जन आराखडा कसा करायचा

मोटर जळते ती नेमकी हरभऱ्याचे घाटे भरायच्या वेळी. गेल्या हंगामात आमच्या शेजारच्या वावरात तेच झालं. भाऊंनी दुपारी मोटर विहिरीतून काढली, ट्रॉलीत टाकून तालुक्याला नेली. वाइंडिंगवाल्याने हात वर केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच एचपीची तशीच नवी मोटर विहिरीत उतरली. पीक सुकत असताना माणूस दुसरं काय करणार? पण त्या दीड दिवसात त्यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांचा निर्णय घेऊन टाकला होता. तीच वीज, तेच रात्रीचं पाणी, तोच कोळसा.

देशाचा दीर्घ पल्ल्याचा आराखडा करणाऱ्यांनाही हीच अडचण असते. आज बांधलेलं औष्णिक केंद्र तीस-चाळीस वर्षं चालतं, आज ओतलेला स्लॅब पन्नास वर्षं तापतो. आणि हवा तापवणाऱ्या वायूंचं उत्सर्जन २०७० पर्यंत निव्वळ शून्यावर आणायचं देशाने ठरवलं आहे. म्हणून २०७० चा विचार आज करावा लागतो. मी यवतमाळ जिल्ह्यातली, गावोगाव विकास आराखड्याच्या बैठका घेते. देश ज्या रीतीने ही वाट आखतो, त्याच रीतीने गावालाही आखता येते, हे मी बैठकांमध्ये सांगते. कशी, ते इथे सविस्तर लिहिते.

आधी देशाची वाट समजून घ्या

२०१५ च्या पॅरिस हवामान करारात प्रत्येक देशाने दोन कागद करायचे ठरले. एक दर पाच वर्षांनी नव्याने द्यायचा उत्सर्जन कपातीचा संकल्प, दुसरा दूरच्या पल्ल्याची रणनीती. भारताने २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वचन दिलं आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये दीर्घकालीन रणनीती संयुक्त राष्ट्रांकडे सादर केली. निव्वळ शून्य म्हणजे जितका वायू सोडू तितका झाडं, माती किंवा यंत्रणेने परत ओढून घेऊ.

मधला टप्पा २०३० चा. त्यात तीन आकडे आहेत. सकल उत्पन्नाच्या दर रुपयामागचं उत्सर्जन २००५ च्या तुलनेत ४५ टक्के कमी करायचं. वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेत निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांची करायची. आणि वनं-वृक्षांमधून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषला जाईल इतकी जादा क्षमता उभी करायची.

पहिल्या आकड्यात लोक नेहमी फसतात. दर रुपयामागचं उत्सर्जन कमी झालं म्हणजे एकूण उत्सर्जन कमी झालं असं नाही. एकरी सहा क्विंटल कापूस पिकवायला दोन गोण्या युरिया लागत होता आणि आता बारा क्विंटलला तीन लागतो, तर क्विंटलमागे युरिया घटला, वावरात पडणारा युरिया मात्र वाढलाच. २००५ ते २०२० या काळात देशाचं दर रुपयामागचं उत्सर्जन ३६ टक्क्यांनी उतरलं. एकूण आकडा चढत राहिला.

दुसऱ्या आकड्याचंही तसंच. निम्म्या क्षमतेचं उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच गाठलं, पाच वर्षं आधी. पण सौर पॅनल रात्री काही देत नाही. घराघरात येणाऱ्या युनिटांत अजून सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच आहे. आपल्याकडे तर तो कोळसा डोळ्यांनी दिसतो : वणी-घुग्गुसच्या खाणी, कोराडी, खापरखेडा, पारस, आणि २,९२० मेगावॉटचं चंद्रपूर.

देशाच्या त्या रणनीतीत सात मुख्य भाग आहेत : वीज, वाहतूक, शहरं आणि इमारती, उद्योग, कार्बन ओढून घेणं, वनं, आणि पैसा. शेतीचा स्वतंत्र भाग त्यात नाही. शेती हा कोट्यवधी लोकांच्या पोटाचा प्रश्न असल्यामुळे देशाने तिच्यावर कपातीचं ओझं टाकलेलं नाही, आणि ते मला योग्यच वाटतं. पण त्यामुळे वावर-गोठ्याचं काय करायचं हे दिल्लीहून कुणी सांगणार नाही. ते गावालाच ठरवायचं आहे.

शीव आखा

हिशेब सुरू करण्याआधी ग्रामसभेत एक गोष्ट पक्की करा : कुठला धूर आपल्या खात्यात. शिवेच्या आत जळणारं डिझेल-पेट्रोल-गॅस, जनावरं, खत, धान हे आपलं. वीज दूरच्या केंद्रात तयार होते, पण वापरतो आपण, म्हणून तीही धरायची, मात्र वेगळ्या रकान्यात.

खाणीजवळच्या किंवा केंद्राजवळच्या गावांनी इथे ठाम राहायला हवं. राख तुमच्या छपरावर पडते म्हणून त्या केंद्राचं उत्सर्जन तुमच्या गावाचं होत नाही. ते ज्यांनी वीज वापरली त्यांचं. पण वेगळं पान जरूर ठेवा : गावातली किती माणसं खाणीत, कोळशाच्या ट्रकवर, केंद्रातल्या कंत्राटावर काम करतात, त्यांची वयं काय, हातात कसब काय. कोळसा टप्प्याटप्प्याने उतरणार असेल तर २०४० मध्ये पन्नाशीत असणारा आजचा पस्तिशीचा चालक या आराखड्यात दिसायलाच हवा. त्याचं नाव कुठल्याच कागदावर नसेल तर त्याच्यासाठी निधीही कुणी मागणार नाही.

आजचा हिशेब

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन महिने लागले तरी चालतील.

सगळे वायू एका मापात मोजायचे. कार्बन डायऑक्साइड हे माप. मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबाने त्याच्या सुमारे २८ पट तापवतो, नायट्रस ऑक्साइड साधारण २७० पट. रोजच्या वस्तूंचे आकडे असे : एक लीटर डिझेल जळालं की सुमारे २.७ किलो, पेट्रोल २.३ किलो, १४.२ किलोचं एक सिलिंडर ४२ किलो, ग्रिडच्या विजेचं एक युनिट साधारण ०.७ किलो. गावरान मोठं जनावर वर्षाला सुमारे २८ किलो मिथेन ढेकरांतून सोडतं, म्हैस ५० किलो.

युरियाचं गणित बैठकीत फळ्यावर करून दाखवा, कारण त्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. त्यातला साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइड बनून उडतो असं आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान तज्ज्ञ समितीच्या, सर्वसाधारण गुणांकाने धरतात. वजन जेमतेम ३२५ ग्रॅम, पण २७० ने गुणलं की ८८ किलो. शिवाय युरिया जमिनीत विरघळताना ३३ किलो कार्बन डायऑक्साइड थेट सुटतो. म्हणजे गोणीमागे सुमारे १२० किलो. गोणीच्या वजनाच्या अडीचपटीहून जास्त, आणि यात कारखान्यातला धूर धरलेलाच नाही.

आकडे गोळा करायला बचत गटाच्या बाया सगळ्यात चांगल्या. जनावरं पशुगणनेच्या यादीवरून घ्या, पण घरोघर जाऊन ताळा करा, कारण पोळ्याला जोडी असते आणि उन्हाळ्यात विकलेली असते. युरियाचा आकडा कृषी केंद्राच्या नोंदीवर. शेतीपंपाला मीटर नसेल तर एचपीला ०.७४६ ने गुणून तासांनी गुणा. पाच एचपीचा पंप वर्षात ४०० तास चालला तर किमान १,५०० युनिट.

समजा अडीचशे घरांचं, कापूस-तूर-सोयाबीनचं गाव आहे. गावरान जनावरं ४००, म्हशी ६०. त्यांचे मिळून जवळपास ४०० टन. घरांची वीज महिन्याला ६० युनिट धरली तर १२६ टन, दीडशे पंपांची १५७ टन. युरियाच्या दीड हजार गोण्या, १८० टन. बारा ट्रॅक्टर प्रत्येकी दीड हजार लीटर, ४९ टन. दोनशे मोटरसायकली वर्षाला १२० लीटर, ५५ टन. घरटी पाच सिलिंडर, ५२ टन. बेरीज हजार-सव्वाहजार माणसांमागे सुमारे १,०२० टन. माणशी एक टनाच्या आसपास. देशाची सरासरी २०२० मध्ये माणशी दोन टनांच्या किंचित वर होती.

हा आकडा ग्रामसभेत मोठ्याने वाचा. आमच्या बैठकीत एक आजोबा उठून म्हणाले, "म्हणजे आमी शहरवाल्याच्या निम्मे बी नाही. मंग आमालेच कावून सांगता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर हे की हवेत धूर कमी करण्याची पहिली जबाबदारी आपली नाहीच. पण पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी आपल्यालाच करावी लागते, आणि पुढच्या चाळीस वर्षांत गावात जो पैसा यंत्रांवर, घरांवर, खतांवर जाणार आहे तो चुकीच्या जागी अडकू नये ही गरज आपली आहे.

एक बारीक गोष्ट : पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) जाळल्यावर निघणारा कार्बन डायऑक्साइड या हिशेबात धरत नाहीत, कारण तो त्याच वर्षी पिकाने हवेतून घेतलेला असतो. त्यातला मिथेन, नायट्रस ऑक्साइड धरतात, तो थोडा असतो. धुराने छाती भरते ती गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे.

२०७० मध्ये उभं राहून मागे चाला

बहुतेक आराखडे आजपासून पुढे सरकतात आणि तीन वर्षांत दमतात. उलटं करा. फळ्यावर उजवीकडे २०७० लिहा, डावीकडे आजचं साल, मध्ये २०३०, २०४० आणि २०५०. मग प्रत्येक वस्तू घेऊन मागे या. २०७० ला विहिरीवर कोळशाची वीज नको असेल, आणि पंप बारा वर्षं टिकत असेल, तर मध्ये पंप चार वेळा बदलणार. म्हणजे चार संधी. मोटरसायकलीच्या तीन-चार. ट्रॅक्टरच्या दोन. घराच्या छपराची एकच. ज्याच्या संधी कमी, त्याची पहिलीच वेळ चुकवून चालत नाही. म्हणून पंपापेक्षा घरकुलाचं छप्पर माझ्या यादीत वर असतं : स्लॅबला पांढरा चुना, दक्षिणेकडे मोकळी जागा, पुढे पॅनल बसतील इतकी ताकद. चुना नंतरही मारता येतो, बाकीचं बांधतानाच करावं लागतं. नंतर ते महाग पडतं.

आता उत्सर्जनाच्या दोन रेषा काढा. एक, गावाने काहीच केलं नाही तर. दुसरी, केलं तर. पहिली रेषाही खाली येते हे पाहून लोक चकित होतात. ग्रिडमध्ये सूर्य-वारा वाढला की गावाचे विजेचे २८३ टन आपोआप उतरत जातात. उरतात जनावरं आणि युरिया. पूर्व विदर्भात भर पडते बांधीतल्या (भातखाचरातल्या) धानाची. म्हणून माझं मत असं की गावाने आपली बुद्धी आणि बैठका या उरणाऱ्या भागावर खर्च कराव्या.

गोठा, युरिया, बांधी

जनावरं विका असं कुणीही सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. बैलजोडी गेली की ट्रॅक्टर येतो, शेणखत गेलं की युरिया वाढतो. मिथेन कमी होतो तो खाण्यातून. नुसत्या कुटारावर आणि वाळल्या कडब्यावर जगणारं जनावर दूध कमी आणि ढेकर जास्त देतं. धुऱ्यावर हिरवा चारा, कडब्याची कुट्टी, थोडी सरकी ढेप, खनिज मिश्रण यांनी दर लीटर दुधामागचा मिथेन उतरतो आणि डेअरीत फॅट वाढतो. चार-पाच जनावरं असतील तर दोन घनमीटरचा बायोगॅस चालतो. त्याला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं आणि जवळजवळ तेवढंच पाणी. ज्या गावाला मेमध्ये टँकर लागतो तिथे हे पाणी कुठून येणार ते आधी विचारा. नाहीतर दुसऱ्या वर्षी घुमटात कोंबड्या बसलेल्या दिसतील.

युरियाचं काम माती परीक्षणाने सुरू करा आणि मात्रा विभागून द्या. दोन पावसांच्या मधल्या वाफशावर, झाडाच्या बुडाशी, मातीआड केलेला युरिया उडत कमी. कापसात तुरीच्या ओळी आपल्याकडे पूर्वापार आहेत, त्या तोडू नका. तूर आपलं नत्र आपणच गोळा करते. गावात पाच वर्षांत १,५०० च्या १,२०० गोण्या झाल्या तरी ३६ टन कमी झाले, आणि तीनशे गोण्यांचे पैसे घरात राहिले.

पऱ्हाटीचं मात्र वेळेचं आहे. उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की शेतकरी ती जाळतो ती आळसाने नव्हे, गुलाबी बोंडअळी तिच्यात दडून राहते म्हणून. धुऱ्यावर पऱ्हाटीचे ढीग लावून "जाळू नका" म्हणणं म्हणजे पुढच्या हंगामाला अळी जपून ठेवणं. पऱ्हाटी बारीक करणारा श्रेडर गावात फेब्रुवारीतच यायला हवा, एप्रिलमध्ये येऊन उपयोग नाही. बारीक केलेली पऱ्हाटी मातीत गाडा, शेणाबरोबर कुजवा किंवा इंधनाच्या गोळ्या करणाऱ्या कारखान्याला द्या. औष्णिक केंद्रांना कोळशात काही टक्के जैवइंधन मिसळणं बंधनकारक झालं आहे, त्यामुळे मागणी आहे. भाव ठरवताना वाहतूक कोणाकडे ते लिहून घ्या.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे बांधीत सतत पाणी साचलं की चिखलात मिथेन तयार होतो. पाणी मधेमधे आटू दिलं तर तो जवळपास निम्म्यावर येतो. रीत सोपी आहे. छिद्रं पाडलेला फूटभर पाइप बांधीत रोवा, आतली माती काढा. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर गेलेलं दिसलं की पुन्हा पाणी द्या. रोवणीनंतरचे दोन आठवडे आणि फुलोऱ्यात मात्र पाणी हटवू नका. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाण्यावर असाल तर हे एकट्याने जमत नाही. पाळी ठरवणाऱ्या सगळ्यांना एकत्र बसावं लागेल. आणि पावसावरच्या बांधीत, जिथे पाणी काढणं-घेणं हातात नाही, तिथे याचा आग्रह धरू नका.

बदलीची वही

सगळ्या आराखड्यात मला ही वही सर्वांत महत्त्वाची वाटते. साधी दोनशे पानी. एका घराला एक पान. पानावर वस्तू, घेतल्याचं वर्ष, साधारण संपेल ते वर्ष, पुढे काय घ्यायचं, अर्ज केव्हा करायचा. बस.

शेवटचा रकाना म्हणजे वहीचा जीव. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के भरावे लागतात, अनुसूचित जाती-जमातीला पाच टक्के. पण अर्ज, पाहणी, पुरवठादार, बसवणी यांत महिने जातात. मोटर जळल्यावर अर्ज करणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. छपरावरच्या सौरसाठी पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट आणि वर ७८ हजार रुपये अनुदान आहे, तिथेही अर्ज, बिल, छप्पर एका नावावर असावं लागतं. वाटणी न झालेल्या घरांचं काम इथेच अडतं. ते कागद शांत वेळी नीट करा.

सौर पंपाचा फायदा सांगताना बिलाचा सांगू नका. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचं बिल सरकार भरतं आहे. खरा फायदा दिवसा पाणी हा आहे. रात्री दोनला बॅटरी घेऊन रानडुकरांच्या वावरात बारं (पाणी) द्यायला जाणाऱ्या माणसाला, आणि त्याची वाट पाहत जाग्या असणाऱ्या घराला, हे समजावून सांगावं लागत नाही. पण फुकट ऊन म्हणजे फुकट पाणी असं समजून विहिरी उपसल्या तर आराखडा बुडेल. सौर पंपाच्या पानावर ठिबक किंवा तुषार जोडूनच लिहा.

जंगल

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळवला आणि बांबू स्वतः विकून दाखवला. देशाच्या अडीच-तीन अब्ज टनांत जंगल राखणाऱ्या ग्रामसभेचा वाटा आहे, म्हणून वनहक्काचा दावा प्रलंबित असेल तर तो आराखड्यातलं पहिलं काम धरा. दुसरं वणवा. मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतात आणि आग डोंगरभर जाते. झाडाखाली जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली की फुलं स्वच्छ मिळतात. तिसरं, कार्बनचे पैसे देतो म्हणत करारावर सह्या घ्यायला कुणी आलं, तर मुदत किती वर्षांची, जंगलातला वापर बंद होणार का, पैसे कुणाच्या खात्यात, हे तिन्ही ग्रामसभेत मराठीत वाचून घेतल्याशिवाय सही नाही. एखादा करार तीस-चाळीस वर्षं नातवंडांना बांधतो.

कागदावर आणि ग्रामसभेत

वेगळा आराखडा करून कपाटात ठेवू नका. दरवर्षीच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यातच याच्या ओळी घाला : श्रेडर, चारा, माती परीक्षण, वनराई बंधारा, अंगणवाडी-शाळेवर पॅनल. राज्य सरकारच्या माझी वसुंधरा अभियानात गाव असेल तर तेच काम तिथेही मोजलं जातं. मजूर रोजगार हमीतून.

देश दर पाच वर्षांनी संकल्प नव्याने देतो आणि मागच्यापेक्षा मागे जायचं नाही असा नियम पाळतो. सरपंचाची मुदतही पाच वर्षांची. हा योग वापरा. नवी बॉडी आली की पहिल्या ग्रामसभेत जुना हिशेब वाचायचा, नवा करायचा, आणि ठराव असा लिहायचा की मागच्या आकड्याच्या वर जाणार असाल तर कारण नोंदवावं लागेल. वही पंचायतीच्या कपाटात नको, बचत गटाकडे ठेवा. सत्ता बदलली की कपाटाची किल्ली हरवते, हे मी तीन गावांत पाहिलं आहे.

सुरुवात मोठी करू नका. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेला फक्त तीन आकडे घेऊन जा : जनावरं किती, युरियाच्या गोण्या किती, पंप किती. १ मेपर्यंत वहीची पन्नास पानं भरा.

शेजारच्या भाऊंचं पान मी त्यांच्या ओट्यावर बसून भरलं. त्यांच्या सुनेने अक्षर काढलं. "मोटर, पाच एचपी. बसवली २०२५. चालेल २०३६ पर्यंत. सौरचा अर्ज २०३४, दिवाळीच्या आत. सातबारा दोघा भावांच्या नावे, तो आधी वेगळा करणे." भाऊंनी पान पाहिलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग आतून सातबाऱ्याची पिशवी घेऊन आले.